पोक्त वयाचे विद्यार्थी : मनोरुग्णांची शुश्रूषा की सोशल केअर?

(पॅरिशच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावे अशी आज्ञा फादरांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही ना वक्ते, ना पंडित. वीस वर्षांहून अधिक काळ आयर्लंड देशी राहिलेला आणि त्यांतली सुमारे दहा वर्षे मनोरुग्णांच्या वॉर्डात काढलेला एक परिचारक, एवढीच आमची ओळख. परंतु गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या ओसरीत एक प्रसंग घडला, आणि आम्हांस विषय सापडला.

आपल्याच पॅरिशमधली एक भगिनी सध्या रजेवर गावी आली आहे. तिचे नाव सांगण्याची आम्हांस परवानगी नाही. वय ४१. गेली नऊ वर्षे ती आयर्लंडमधील एका वृद्धाश्रमात केअर असिस्टंटचे काम करीत आहे. मुले मोठी झाली, देशाचे नागरिकत्वही मिळाले, आणि आता पुन्हा शिकावे असे तिच्या मनाने घेतले आहे. तिने आम्हांस विचारले, “काका, दोन दारे उघडी दिसतात. एकावर मनोरुग्णांचे नर्सिंग असे लिहिले आहे, दुसऱ्यावर सोशल केअर. मी कोणत्या दाराने आत जाऊ?” आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. उत्तर ठाऊक नव्हते म्हणून नव्हे, तर हाच प्रश्न आम्ही स्वतः एकदा सोडविला होता आणि तो नीट सोडविला की नाही याचा निवाडा अद्याप झालेला नाही, म्हणून. आजचे भाषण म्हणजे त्या भगिनीस देण्याचे राहिलेले उत्तर होय. या सभेत अशी पुष्कळ कुटुंबे आहेत की ज्यांचे कोणी ना कोणी परदेशात शुश्रूषेच्या कामी लागले आहे; त्यांसही ते उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रथम ‘पोक्त विद्यार्थी’ या शब्दाविषयी. आयर्लंडमध्ये ज्याने प्रवेशाच्या वर्षी १ जानेवारीस वयाची २३ वर्षे पूर्ण केली असतील, तो कॉलेजच्या दृष्टीने पोक्त. आपल्याकडे २३ वर्षांच्या मुलाला आई अजून बाजारात एकटा धाडीत नाही; तिकडे तो सरकारी कागदावर पोक्त ठरतो! विनोद सोडला तर या नियमात मोठी कृपा आहे. अशा अर्जदाराची पारख केवळ शाळेतल्या गुणांवर होत नाही. नर्सिंगच्या वर्गांत काही जागा अशा वयस्कांसाठी राखून ठेविलेल्या असतात आणि त्यांसाठी निराळी परीक्षा घेतली जाते. आम्ही ती परीक्षा २०११ साली दिली, तेव्हा आमचे वय ३९ होते.

त्यापूर्वीचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. आमच्या घरातील मंडळी नर्स. आयर्लंडने २००० सालच्या सुमारास हिंदुस्थानातून नर्सेस नेण्यास आरंभ केला, त्या ओघात त्या तिकडे गेल्या आणि २००४ साली त्यांच्या पाठोपाठ आम्ही गेलो. मुंबईत आम्ही एका कचेरीत हिशेब लिहीत होतो. तिकडे आमच्या हिशेबाची कोणास गरज नव्हती. वृद्धांना न्हाऊ घालणारा, भरविणारा, कुशीवर वळविणारा माणूस मात्र हवा होता. ते काम आम्ही सात वर्षे केले. प्रथम लाज वाटे. पत्नी बिल्ला लावून औषधे देणार आणि आपण चादरी बदलणार, हे पुरुषाच्या मनास बोचते. आज तसे बोचले याचीच लाज वाटते.

त्याच ठिकाणी आमच्याबरोबर एक आयरिश बाई काम करीत. चार मुलांची आई, वय ४६, पूर्वी दुकानात विक्रीचे काम केलेल्या. रात्रपाळीच्या चहावर आम्हा दोघांचे शिक्षणाचे बेत चालत. एकाच वर्षी दोघांनी अर्ज केले. आम्ही मनोरुग्णांच्या नर्सिंगला गेलो, त्या सोशल केअरला गेल्या. म्हणजे या दोन दारांपैकी एक आम्ही स्वतः उघडले आहे, आणि दुसऱ्याच्या आत काय आहे हे त्या बाईंच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकले आहे.

आता या दोन विद्यांचे कुळ सांगितले पाहिजे, कारण कुळ कळल्यावाचून सोयरीक करू नये.

डब्लिन शहरात ग्रेंजगॉरमन नावाचे एक विस्तीर्ण आवार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे वेड्यांचे इस्पितळ उघडले. तशी इस्पितळे मग साऱ्या देशभर झाली, आणि १९५० नंतरच्या दशकात अशी स्थिती आली की तीस लाखांहूनही कमी वस्तीच्या त्या देशात सुमारे २०,००० माणसे मनोरुग्णालयांच्या भिंतींआड होती. वस्तीच्या मानाने एवढे प्रमाण जगात क्वचितच कोठे असेल. ती सर्व माणसे वेडी होती काय? मुळीच नव्हे. कोणी वृद्ध, कोणी अविवाहित माता, कोणी शेतीच्या वाटणीत अडचणीचा झालेला भाऊ. घरास नको झालेला माणूस आत गेला की पुष्कळदा बाहेर येत नसे. त्या काळचा परिचारक म्हणजे किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा धिप्पाड गडी. हळूहळू औषधे आली, विचार पालटला, १९८४ आणि २००६ साली सरकारने नवी धोरणे लिहिली, मोठी इस्पितळे एकेक करून मिटली. ग्रेंजगॉरमनचे इस्पितळ २०१३ साली बंद झाले. मनोरुग्णांच्या परिचारकाला आता चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. २००२ सालापासून तसा नियमच झाला. किल्लीची जागा विद्येने घेतली. पण किल्ली पुरती गेली नाही. त्याविषयी पुढे बोलू.

सोशल केअरचे कुळ याहून दुःखदायक आहे, आणि देवळाच्या छायेत उभे राहून ते सांगताना जीभ अडखळते. त्या देशात अनाथ व गरीब मुलांसाठी ‘इंडस्ट्रियल स्कूल’ नावाची वसतिगृहे होती. ती बहुतेक आपल्याच धर्मसंघांनी चालविलेली. १९७० साली न्यायाधीश आयलीन केनेडी यांच्या समितीने अहवाल दिला की ही पद्धती मोडून टाकावी, मुले लहान घरांत कुटुंबाप्रमाणे वाढवावी, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना सर्वांआधी शिक्षण द्यावे. दुसऱ्याच वर्षी किल्केनी गावी असे सांभाळणारे तयार करण्याचा पहिला वर्ग उघडला. तो वर्ग उघडण्यात धर्मभगिनींचाच पुढाकार होता, हेही सांगितले पाहिजे. आजच्या सोशल केअरचे मूळ त्या वर्गात आहे. पुढे २००९ साली मोठ्या चौकशीचा पाच खंडांचा अहवाल बाहेर आला, आणि त्या वसतिगृहांत मुलांवर काय काय गुदरले ते जगाने वाचले. आम्हीही वाचले. तिकडे शेजारी आमच्याकडे कॅथॉलिक म्हणून पाहात, तेव्हा खाली पाहावे लागे. सोशल केअर शिकणाऱ्या प्रत्येकास ही हकीकत शिकावी लागते. तिच्यावाचून हा धंदा का जन्मला हेच कळत नाही.

सारांश, दोन्ही विद्या पश्चात्तापाच्या पोटी आल्या आहेत. ग्रेंजगॉरमनच्या त्याच आवारात आता विद्यापीठ उभे आहे, आणि जेथे माणसे कोंडली जात तेथे आज सोशल केअरचे वर्ग भरतात. आम्ही एकदा मुद्दाम तेथे जाऊन आलो. जुन्या इमारतींच्या खिडक्या पाहिल्या, आणि तरुण मुले पायऱ्यांवर बसून सँडविच खात होती तीही पाहिली.

आता व्यवहाराचे बोलू. संसारी माणसाला व्यवहार आधी पाहिजे.

नर्सिंगची चार वर्षे पूर्ण वेळेची असतात. त्यांत अर्धवेळ शिकण्याची सोय नाही. वर्गाबरोबर रुग्णालयातले काम असते, आणि पहिल्या तीन वर्षांत त्या कामाचा पगार मिळत नाही. चौथ्या वर्षी मात्र ३६ आठवड्यांची उमेदवारी असते, तिचे वेतन मिळते. अभ्यासक्रमात शरीरशास्त्र, औषधशास्त्र, कायदा हे सारे आले. पहिल्या वर्षी शरीरशास्त्राच्या परीक्षेत आम्ही नापास झालो, हे येथे कबूल करून टाकतो. अठरा वर्षांची मुले एका रात्रीत जे पाठ करीत, त्याला आम्हांस आठ रात्री लागत. ती मुले आम्हांस ‘डॅड’ म्हणत, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांतल्याच एका मुलीने आमच्यापुढे मूत्रपिंडाचे चित्र तीन वेळा काढून दाखविले म्हणून दुसऱ्या खेपेस आम्ही उत्तीर्ण झालो.

सोशल केअरची पदवी तीन वर्षांची, आणि एक वर्ष अधिक शिकले तर ऑनर्सची. काही कॉलेजांत ती नोकरी सांभाळून, आठवड्यातले एखाददोन दिवस किंवा संध्याकाळी शिकता येते. प्रत्यक्ष कामाचे निदान ८०० तास भरावे लागतात. त्यांत मानसशास्त्र, समाजशास्त्र, बालकांचे हक्क, आणि कित्येक ठिकाणी चित्रकला व नाटक हेसुद्धा शिकवितात. आमच्या आयरिश बाईंना या नाटकाचा मोठा संकोच वाटे. पुढे त्याच बाई मतिमंद मुलांचे नाताळचे नाटक बसवू लागल्या.

वेतनाविषयी स्पष्ट बोलावे लागेल. परिचारकांची नावनोंदणी त्या देशात जुनी आहे. नर्सेसच्या नोंदणीचा कायदा १९१९ सालचा. मनोरुग्णांच्या परिचारकांचा त्या नोंदवहीत स्वतंत्र विभाग आहे, नोकरी बहुधा सरकारी खात्यात मिळते आणि पगाराची श्रेणी ठरलेली असते. सोशल केअरची नोंदवही मात्र ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे अगदी अलीकडे उघडली. त्यापूर्वी तिकडे कोणीही आपणांस सोशल केअर वर्कर म्हणवीत असे. शिवाय त्या कामाच्या पुष्कळ नोकऱ्या धर्मादाय संस्थांत असतात. सरकार त्यांना पैसा देते, पण त्यांच्या नोकरांना सरकारी नोकरांइतके वेतन मिळत नाही, यावरून वर्षानुवर्षे तंटा चालला. ज्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, त्याने नोकरीच्या जाहिरातीत संस्थेचे नाव वाचण्याआधी पगाराची श्रेणी वाचावी.

आणखी एक हिशेब करावा. हिशेबनीस होतो, म्हणून सवय राहिली. तिकडे सरकारी निवृत्तिवेतन ६६ व्या वर्षी मिळते. आमच्या भगिनीने ४२ व्या वर्षी नर्सिंग आरंभिले तर ४६ व्या वर्षी ती परिचारिका होईल, आणि तिच्या हाती वीस वर्षे उरतील. वीस वर्षे थोडी नाहीत. परंतु चार वर्षांचा बुडालेला पगार, बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि पन्नाशीनंतरच्या रात्री, हेही त्याच पानावर मांडावे. फी किती पडेल हे नागरिकत्वावर व वास्तव्याच्या वर्षांवर ठरते, यास्तव ते अर्जाआधी लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबून फसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

इतके झाले तरी निवड होत नाही. पगार आणि वर्षे यांवरूनच निवडायचे तर कोणीही गणिती ती करून देईल. आमच्या मते खरा भेद निराळ्याच ठिकाणी आहे, आणि तो आम्हांस प्रवेश घेताना ठाऊक नव्हता.

आम्ही परिचारक होऊन दुसरे वर्ष चालले होते. एक शेतकरी, वय साठीचे, मनाच्या घोर उदासीत आपल्या पायांनी इस्पितळात आलेला. तिसऱ्या रात्री दोन वाजता तो झोपण्याच्या कपड्यांवर कोट चढवून दारापाशी आला. म्हणाला, गाय व्यायला झाली आहे, मला घरी गेले पाहिजे. त्याने गुरे विकून दोन वर्षे झाली होती, हे आम्हांस ठाऊक होते. दिवसा तो जे बोलला होता त्यावरून घरी गेला तर सकाळ पाहील याची आम्हांस खात्री नव्हती. आता पाहा: तो आपण होऊन आलेला, तेव्हा आपण होऊन जाण्याचा त्याला हक्क. परंतु तेव्हा लागू असलेल्या २००१ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने, अशा रुग्णास २४ तासांपर्यंत थांबवून ठेवण्याचा अधिकार डॉक्टराप्रमाणेच नोंदणीकृत परिचारकासही दिलेला होता. त्या रात्री तो अधिकार आम्ही वापरला. कागद भरला, सही केली, आणि म्हाताऱ्याला सांगितले की आपणांस जाता येणार नाही. तो भांडला नाही. कोटाची बटणे एकेक करून सोडीत तो उभा राहिला.

सात आठवड्यांनी तो बरा होऊन घरी गेला. जाताना त्याने सर्वांचे हात हातात घेतले, आमचा सोडून.

आम्ही चुकलो असे आजही वाटत नाही. पुन्हा तीच रात्र आली तर पुन्हा तीच सही करू. परंतु मनोरुग्णांच्या परिचारकाच्या खिशातली किल्ली गेलेली नाही, ती कायद्याच्या कागदात आहे. आणि ज्याला ती बाळगणे सोसवत नाही, त्याने या दाराने आत येऊ नये. औषधाचेही तसेच. जे सुईला भितात त्यांना शिकविता येते. दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध त्याचे हित करण्याला जे भितात त्यांना शिकविणे कठीण, आणि जे मुळीच भीत नाहीत त्यांना तर या कामावर घेऊच नये.

सोशल केअरमध्ये किल्ली नाही, तेथे चहाची किटली आहे. हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. त्या बाई चार मतिमंद स्त्रियांच्या घरात काम करीत. इस्पितळ नव्हे, साधे रस्त्यावरचे घर. सकाळी उठवावे, बाजार करावा, बटाटे सोलावे, भांडण मिटवावे, रात्री पाळीपाळीने तेथेच निजावे. त्यांतली एक बाई सारा जन्म संस्थेत वाढलेली. तिला बसची भीती. आमच्या मैत्रिणीने तिला प्रथम नुसते थांब्यापर्यंत नेले. मग बस आली की दोघींनी दुरून पाहावयाचे. मग एक थांबा. असे चौदा महिने चालले, आणि मग एके दिवशी ती बाई एकटी गावात जाऊन लोकर घेऊन आली. या चौदा महिन्यांचा ताप-नाडीसारखा तक्ता निघत नाही. तपासणीला येणारा अधिकारी विचारतो, “या महिन्यात प्रगती काय?” आणि लिहावे लागते, “थांब्यावर उभ्या राहिलो.”

कोणास वाटेल, हे तर सोपे काम, हे काय शिकावयाचे! असे वाटून जे त्या दाराने जातात ते वर्षभरात परत येतात. पुढे त्या बाई मुलांच्या घरात गेल्या. तेथे न्यायालयाच्या हुकुमाने आलेली मुले असतात. एक मुलगा नऊ वर्षांचा असताना आला आणि त्यांच्या हाताखाली मोठा झाला. अठरा वर्षे पुरी झाली की तो हुकूम संपतो. पुढे काही वर्षे मदत चालू राहते, पण घर ते घर राहात नाही. वाढदिवसानंतर तो मुलगा आपली पिशवी घेऊन स्वयंपाकघरात उभा होता आणि बाई बटाटे सोलीत होत्या. त्यांनी आम्हांस सांगितले, “मी वर पाहिले नाही. पाहिले असते तर मी त्याला घरी नेले असते, आणि ते मला करता येत नाही.” आमच्या कामात रुग्ण बरा होऊन जातो किंवा बरा न होता जातो, पण तो आपल्या घरचा नव्हता हे दोघांसही ठाऊक असते. त्यांच्या कामात तो जवळजवळ घरचा होतो, आणि ‘जवळजवळ’ या शब्दातच सारी यातना आहे.

तेव्हा आम्ही त्या भगिनीस असे विचारतो: माणसाच्या आयुष्यातला कोणता प्रहर तुला पाहवतो? वादळाचा, की वादळानंतरच्या लांबलचक दिवसांचा? वादळात धावणारे पुष्कळदा शांत दिवसांना कंटाळतात. शांत दिवसांत सोबत करणारे वादळात गांगरतात. दोन्ही करणारे क्वचित.

येथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती या सभेतच बोलता येईल, अन्यत्र नाही. तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना आमचे थोरले बंधू आठवत असतील. ते याच देवळाच्या पायऱ्यांवर बसत आणि अँजेलसची घंटा झाली की मोठ्याने वेळ सांगत. पाहुणे यावयाचे असले की घरात त्यांना मागच्या खोलीत ठेवीत. ते दार लावण्याचे काम आमच्याकडे, धाकट्याकडे असे. ते १९९८ साली वारले. पुढे नर्सिंगच्या पहिल्या वर्षी एका शिक्षिकेने आम्हा सर्वांस लिहावयास सांगितले की तुम्ही या कामास का आलात. आम्ही बंधूंविषयी लिहिले. वाचून त्या म्हणाल्या, “वॉर्डात तुमचा भाऊ नसेल. दुसऱ्या कोणाचा तरी असेल.” तेव्हा आम्हांस राग आला. मेलेल्या माणसाचे ऋण जिवंत रुग्णाकडून फेडून घेऊ पाहणारा परिचारक किती जड होतो, हे पुढे कळले. तो रुग्णाला बरे होऊ देत नाही, कारण त्याला स्वतःला क्षमा हवी असते. पोक्त वयात या कामास येणारे पुष्कळजण असे घरातले एक दार मागे सोडून आलेले असतात. त्यांनी येऊ नये असे आम्ही म्हणत नाही. ते दार आपल्यामागे आहे हे ओळखून यावे.

वयाची ज्यांना भीती वाटते त्यांनी संत जॉन ऑफ गॉड यांचे चरित्र वाचावे. १४९५ साली पोर्तुगालात जन्मलेले हे गृहस्थ प्रथम मेंढपाळ, मग शिपाई, मग पुस्तकविक्रे. चाळिशी उलटल्यावर ग्रॅनाडा शहरात त्यांना वेडे म्हणून कोंडले आणि त्या काळच्या उपचाराप्रमाणे फटके मारले. तेथून सुटल्यावर त्यांनी आजाऱ्यांची सेवा आरंभिली आणि १५५० साली मरेपर्यंत केली. त्यांच्या नावाचा संघ आयर्लंडमध्ये आजही मनोरुग्णांची आणि मतिमंदांची, अशी दोन्ही कामे करतो. त्या संतापुढे दोन दारे नव्हती. ती आपल्या काळाने केली.

येथे गावी राहणाऱ्या मंडळींसाठी दोन शब्द, कारण सर्वांनाच समुद्रापलीकडे जावयाचे नाही. आपल्या देशात मनोरुग्णांचे नर्सिंग हे पहिले दार नव्हे. आधी जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. करून नर्स व्हावे लागते आणि मग त्यातला विशेष अभ्यास करावयाचा. जी.एन.एम.ला ३५ वर्षांची कमाल मर्यादाही आहे. म्हणजे चाळिशीच्या भगिनीला ते दार येथे मिटलेले आहे. उलट समाजकार्याची दोन वर्षांची एम.एस.डब्ल्यू. पदवी कोणत्याही शाखेच्या पदवीधरास घेता येते. मुंबईत टाटा संस्थेने १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण आरंभिले, धर्मभगिनींचे निर्मला निकेतन १९५५ सालापासून तेच करीत आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात मनोरुग्णांच्या नर्सबरोबर मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याचीही व्याख्या दिलेली आहे. तथापि आयर्लंडची सोशल केअर आणि आपले सोशल वर्क एक नव्हे. तिकडेही सोशल वर्क हा निराळा धंदा आहे. तिकडची पदवी घेऊन येथे परतण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी नावाच्या सारखेपणावर भुलू नये.

आता आमच्या भगिनीस उत्तर. आम्ही तिला ओसरीत उलट विचारले होते की वृद्धाश्रमात तुला दिवसातली कोणती वेळ आवडते. ती म्हणाली, संध्याकाळी जेवण झाल्यावर म्हातारी माणसे बोलतात ती वेळ. आणि नर्सबाई औषधांची गाडी ढकलीत आल्या की सारे गप्प होतात ते आवडत नाही. यावरून आमचे मत असे की तिने सोशल केअरला जावे, नोकरी न सोडता अर्धवेळ शिकावे, आणि त्याआधी काही महिने आपल्या सुटीच्या दिवशी एखाद्या सांभाळघरात मदतीस जाऊन पाहावे.

आमच्या घरातील मंडळींचे मत अगदी याच्या उलट आहे. त्या म्हणतात, पोरीला औषधांची गाडी आवडत नाही याचे कारण ती गाडी नऊ वर्षे दुसरी कोणी ढकलते आहे; तिच्या हाती द्या, मग पाहा. त्या येथे पुढच्याच बाकावर बसल्या आहेत आणि आताही मान हलवीत आहेत. त्यांनी नर्स म्हणून पंचवीस वर्षांहून अधिक काळ काढला आहे, तेव्हा त्यांच्या म्हणण्यास आमच्या म्हणण्याइतकेच, किंबहुना अधिक, वजन द्यावे.

अर्जाची मुदत १ फेब्रुवारीची आहे. आमची रजा येत्या रविवारी संपते. शनिवारी संध्याकाळी रोझरीनंतर आम्ही दोघेही घरी आहोत. त्या भगिनीने आपले कागद घेऊन यावे, आणि आणखी कोणास यावयाचे असेल त्यांनीही यावे. ओटी मोठी आहे.